चिंचेला काय म्हणायचं

माझ्या सासूबाई कानडी घरातल्या. सीमेपलीकडचं माहेर, जैन शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन सांगलीकडं आल्या आणि मराठीत पडल्या. मी रहिमतपूरची. नवी नवरी असताना मला वाटायचं, रोज संध्याकाळी फोनवर एवढं भांडण तरी कुणाशी चालतं? त्या भांडत नसायच्या. थोरल्या बहिणीशी, अक्काशी, गप्पा मारायच्या. मराठीत हळू बोलणारी ही बाई कानडीत घर डोक्यावर घ्यायची, पोट धरून हसायची. मला तर जरा हेवाच वाटायचा.

मुलांना मात्र त्यांनी कानडीचा वारा लागू दिला नाही. "शाळंत पोरं चिडवायची त्यांस्नी. म्हटलं, ऱ्हाऊ दे." माझ्या नवऱ्याला फक्त शिव्या येतात, आणि त्याचाही त्याला अभिमान आहे. माझी लेक एकोणचाळीस म्हटलं की "म्हणजे किती?" विचारते. तिच्यापुढं कानडी कुठून काढायची!

मागच्या वर्षी अक्का गेल्या. त्यानंतर संध्याकाळी सासूबाई फोन हातात घ्यायच्या आणि तसाच खाली ठेवायच्या. मग एकदा चिंच कोळता कोळता मध्येच थांबल्या.

"चिंचेला आमी काय म्हणायचो गं?"

"मला काय ठाऊक, आत्ती?"

"अक्काला इचारलं असतं," म्हणाल्या. मग चिंचेच्या पाण्याकडं बघतच, "सपनंबी मराठीतच पडत्यात आता. लय भ्या वाटतंय, पोरी. आईचं बोलणं जाईल माझ्याकडनं."

मला गलबलून आलं. घरात एवढी माणसं, आणि त्यांना एक शब्द विचारायला कुणी नाही.

मी ठरवलं, आपणच बोलायचं. अक्कांशी फोन लागला की सासूबाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, 'ऊटा आता?' म्हणजे जेवण झालं का. ऐकून ऐकून पाठ होतं, तरी भांडी घासताना पुन्हा घोकलं. दुपारी त्या सोप्यात चटईवर बसल्या होत्या, तेव्हा समोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "उठतो की. झाडायचं हाय व्हय?" म्हणत चटई गुंडाळायला लागल्या.

त्यांनी 'उठा आता' ऐकलं होतं! माझ्या रहिमतपुरी जिभेवर ट जड पडला असेल. पण त्यांच्या कानानंही आधी मराठीच धरली, ते मला लागलं.

"आवं आत्ती, कानडी हाय ती!" म्हणून मी पुन्हा म्हटलं, या वेळी हाताचा घास करून.

चटई हातातच राहिली. मग त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मला ओढून शेजारी बसवलं आणि सुरू झाल्या. कानडीत. भरभर, हातवारे करत, मांडीवर थाप मारत. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी आपली हं, हं करत मान हलवत होते आणि त्यांचा चेहरा बघत होते. किती दिवसांनी तो असा फुलला होता.

मग त्यांनी मला काहीतरी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडं पाहत राहिल्या.