देवळालीची चढलेली ढोलकी

आमच्या घरात मी चिकट म्हणून प्रसिद्ध आहे. पार्किंगचे वीस रुपये वाचवायला दोन चौक लांब गाडी लावणारी ती मीच. पण गाण्याच्या कार्यक्रमाला मी कधी हात आखडता घेतला नाही. कारण शेजारच्या खुर्चीत आई असायची, आणि आई शेजारी असली की एका तिकिटात दोन कार्यक्रम. स्टेजवर गाणं आणि माझ्या कानात शेरेबाजी. "पट्टी झेपत नाही तर घेते कशाला?" "पेटीवाल्याला चहा पाजा रे कुणीतरी." "त्या निवेदकाला आधी खाली बसवा." पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायचे आणि हसायचे.

दोन वर्षांपूर्वी आईला कमी ऐकू यायला लागलं. कानाचं मशीन आणलं. त्याने समोरच्याचं बोलणं कळायला लागलं, पण गाणं म्हणजे तिच्या भाषेत "पत्र्यावर खडी ओतल्यागत" झालं. यंदा फेब्रुवारीत पुण्याच्या एका मैदानावर मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता. तिकीट माणशी तीन हजार. मी डोळे मिटून दोन काढली. बाहेर पडताना विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," आई म्हणाली.

रिक्षावाल्याला सुटे द्यायला तिने पर्स उघडली तेव्हा दिसलं, मशीन पर्सच्या कप्प्यात होतं. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही. सत्तर वर्षांत या बाईने एकाही कार्यक्रमाला निव्वळ छान म्हटलं नव्हतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. पैशांचं नाही, खरंच नाही. आईची तक्रार बंद झाली, याचं.

एप्रिलमध्ये भिंगारहून मामाचा फोन आला. "पिंके, आक्काला घेऊन ये. जयंतीचे दिवस हाईत, रोज कुठं ना कुठं गानं हाय." एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीचा मोसम. सगळीकडे एकाच दिवशी गायक कुठून आणणार? म्हणून गावं आपापली तारीख ठरवतात आणि भीमगीतं गाणाऱ्या मंडळींच्या पार्ट्या दोन महिने फिरत राहतात. आई म्हणाली, "गाण्याला मला कशाला नेतेस? भावाला भेटायला येते, एवढंच म्हण." मी म्हटलं, बरं, भावाला भेटायला चल. मनात मात्र एकच होतं: आईने एकदा तरी एखाद्या गाण्याला नावं ठेवावीत.

शनिवारी सकाळी पुण्याहून एसटी पकडली. दोघींना अर्धं तिकीट, म्हणजे सहलीची सुरुवातच माझ्या मनासारखी. वाघोलीची कोंडी फुटेपर्यंत आईची एक झोप झाली. शिरूरनंतर रस्ता मोकळा. सुप्याला गाडी चहाला थांबली तिथली भेळ घ्या, चहा घेऊ नका. नगरच्या स्टँडवरून भिंगारला रिक्षा सहज मिळते, फक्त आधी भाडं ठरवा. रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आईने माहेरच्या भाषेत असं काही सुनावलं की तो म्हणाला, "मावशी, तुमी हितल्याच दिसताय. बसा, द्या काय द्यायचं ते."

संध्याकाळी नगरमध्ये एका सभागृहात जुन्या भावगीतांचा कार्यक्रम होता. दीडशे रुपये तिकीट, त्यात मध्यंतरी बटाटेवडा आणि चहा. गाणारी मुलगी बँकेत नोकरी करते म्हणे, पण आवाज असा की वडा हातात तसाच राहिला. तुम्ही नगरला मुक्काम करणार असाल तर असे कार्यक्रम नक्की शोधा, दीडशेत यापेक्षा जास्त काही मिळणार नाही. माझे पैसे वसूल झाले. आईचे नाही. सभागृह घुमत होतं. मध्यंतरानंतर मी तिच्या कानाकडे बघितलं, मशीन नव्हतं. बाहेर पडल्यावर मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "छान झालं हं."

रात्री जेवताना मामाने बाजरीची भाकरी कुस्करता कुस्करता दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. देवळाली प्रवराला मंदाताई नावाच्या गायिकेची पार्टी होती. पत्रिकेत वेळ सायंकाळी सहा.

"म्हंजे धाला जा," मामा म्हणाला.

"पत्रिकेत सहा लिहिलंय, मामा."

"लिहित्यात सहाच. आदी मिरवनूक, मग जेवनं, मग भाषनं. सहाला गेलीस तर खुर्च्या मांडाय लावतील."

पण मी पडले पुण्यात वाढलेली. सहा म्हणजे पावणेसहा. शिवाय परत भिंगारला यायचं होतं आणि आईला जागरण सोसत नाही. मामाचं काही एक न ऐकता रविवारी दुपारी आम्ही तारकपूर स्टँडवरून राहुरीकडची एसटी धरली. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी बोलणार नाही, तुमची कंबर बोलेल. उन्हाने खिडकीची दांडी हात लावू देत नव्हती. राहुरीच्या पुढे फाट्यावर उतरलो, तिथून शेअर रिक्षा. दोन्हीकडे ऊस, आणि मधूनच पाटाच्या पाण्याचा गार वारा. आईने पदर सैल सोडून तो वारा अंगावर घेतला.

सहाला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. मैदानात मांडव होता, स्टेज होतं, माणसं नव्हती. एक काका खरंच खुर्च्या उतरवत होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "कुनाकडं आलात?"

"कार्यक्रमाला."

"आत्ता?" त्यांना हसू आवरेना. "आवो, मिरवनूक आजून निगाली न्हाई. या, विहाराच्या वट्ट्यावर बसा, सावली हाय. पार्टीबी तितंच हाय."

ओट्यावर सतरंजी अंथरून मंदाताईंची मंडळी बसली होती. मंदाताई चाळिशीच्या, कपाळावर रुमाल बांधलेला, पुढ्यात पेटी. कोरसच्या दोघी भेळ खात होत्या. ढोलकीवाले राजूभाऊ टेम्पोतून नुकती ढोलकी उतरवून घाम पुसत होते. आम्ही जय भीम केला. "या मावशी, टेका," म्हणत मंदाताईंनी आईला थेट पेटीशेजारी जागा दिली. आईने मशीन कानात घातलं, कारण कोणी बोललं तर ऐकू यायला हवं. चहा आला. मग मंदाताई म्हणाल्या, "नवं गानं हाय, येकदा म्हनून बगतो. तुमाला तरास न्हाई ना?"

त्रास कसला! माइक नाही, स्पीकर नाही, हातभर अंतरावर गाणं. बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या कपाटाशी बोलणाऱ्या एका आईचं ते गाणं होतं. मंदाताईंचा आवाज जाड, थोडा करकरीत, पण शब्द न् शब्द सुटा. राजूभाऊंची थाप पडली की सतरंजीतून पायाला कळत होती. मी मात्र गाणं कमी आणि आईचा कान जास्त बघत होते. पहिलं कडवं झालं. मशीन जागेवर. दुसरं झालं. आईच्या कपाळावर आठी पडली. आता ती हात कानाकडे नेणार, आणि हेही गाणं संपल्यावर छान झालं म्हणणार.

आईने हात वर केला खरा. पण तो कानाकडे गेला नाही.

"थांबा," ती म्हणाली. "ढोलकी चढलीय. पेटीच्या सुराच्या वर जातेय."

सगळे थांबले. मला वाटलं आता जमिनीने मला पोटात घ्यावं. पाहुणे म्हणून आलो, फुकटचा चहा प्यायलो, आणि वर ही! राजूभाऊंनी ढोलकीवर दोन टिचक्या मारल्या, मंदाताईंनी पेटीचा सूर धरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"व्हय की वो," राजूभाऊ म्हणाले. "लई न्हाई, पर चढलीय."

"उन्हात ठेवली हुती का?" आईचं माहेर एकदम तोंडात आलं.

"टेम्पोत हुती दुपारभर."

"मग चढंल न्हाईतर काय! माझा बाप गोधडीत गुंडाळून न्यायचा ढोलकी. आमी पोरं उन्हानं भाजायचो, गोधडी ढोलकीला."

ओट्यावर असा हशा पिकला की खुर्च्यावाले काका धावत आले. राजूभाऊंनी पाना काढून नट सैल केले, आईने मान हलवेपर्यंत थाप देत राहिले. पुढचा तास-सव्वा तास काय सांगू! सात-आठ गाणी झाली. आई प्रत्येकावर बोलली. कोरसच्या एकीला म्हणाली, "तू भेळ आदी संपव." मंदाताईंना म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात घाई करतीस गं बाई, शब्द चांगला हाय, ऐकू दे की लोकांना." मंदाताईंनी ते कडवं पुन्हा म्हटलं, सावकाश. आईचे डोळे भरले. माझे तर केव्हाचे वाहत होते, आणि मी निर्लज्जपणे हसतही होते.

आमच्या कार्यक्रमांत गाणं आवडलं की गायकाच्या हातात नोट देतात आणि गायक देणाऱ्याचं नाव पुकारतो. आईने बापाचं नाव सांगून पर्समधून पन्नासची नोट काढली. ज्या कप्प्यात मशीन असायचं, त्याच कप्प्यातून. मंदाताईंनी चहाचा रिकामा कप माइकसारखा तोंडाशी धरला आणि आरोळी दिली, "भिंगारचे ढोलकीवाले बाबूराव यांच्या लेकीकडून पन्नास रुपये! जोरदार टाळ्या!" टाळ्या वाजवायला आम्ही सातजण होतो.

साडेसातला मिरवणुकीचा आवाज जवळ आला. स्टेजवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पहिल्याच 'हॅलो चेक'ला ओटा हादरला. आईने शांतपणे मशीन काढलं.

"आता हितून पुढं मला पत्रा आन् खडी," ती म्हणाली. "चल, मामा जेवायचा थांबला असेल."

म्हणजे ज्या कार्यक्रमासाठी गेलो, तो आम्ही बघितलाच नाही. खुर्च्यावाल्या काकांनी बुंदीची पिशवी हातात दिल्याशिवाय सोडलं नाही. एसटीत आई बुंदी खात राजूभाऊंच्या डाव्या हाताबद्दल बोलत होती. डावा हात कच्चा आहे म्हणे.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगते. एप्रिल-मेमध्ये नगरकडे जा, पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, आणि पत्रिकेवरच्या वेळेला जा. लोक हसतील, हसू द्या. खर्च म्हणाल तर दोन दिवसांचा दोघींचा सगळा मिळून मैदानावरच्या एका तिकिटाच्या निम्म्याएवढाही झाला नाही.

पुण्यात परतून आता तीन आठवडे झाले. मशीनने जादू केली असं नाही. टीव्हीवरचं गाणं आई अजूनही बंद करायला लावते. पण मशीन आता पर्समध्ये नसतं, कानात असतं. मागच्या आठवड्यात मी पोळ्या लाटताना मंदाताईंचं ते नवं गाणं गुणगुणत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "पिंके, बेसूर होतेस. आणि दुसऱ्या कडव्यात घाई करू नकोस."

तेव्हापासून मी रोज पोळ्या लाटताना ते गाणं म्हणते, आणि दुसऱ्या कडव्यात न चुकता घाई करते.