तटबंदीतला सांधा

फरीदाबादच्या आमच्या गल्लीत कोणी चुना भिजवला की त्या वासाने मला कॉलेजच्या सहलीत पाहिलेली तटबंदी आठवते. कोकणातल्या एका गावाची ती जुनी, चुन्यात बांधलेली भिंत होती. खाली लाटा आपटत होत्या आणि दगड वाऱ्याने खारट, ओलसर झाले होते. इतिहासाच्या मॅडमनी विचारलं, यातला नंतर बांधलेला भाग कोणता? मला तो दिसला होता. एके ठिकाणी दगडांचे सांधे वरपासून खालपर्यंत एका रेषेत आले होते, आणि सलग बांधकामात सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, हे बाबांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. पण बाबा गवंडी आहेत हे वर्गात कोणाला माहीत नव्हतं. मी नुसतं ‘कन्स्ट्रक्शनमध्ये’ म्हणायचे. तरी मी भीतभीत त्या सांध्यावर बोट ठेवलं. मॅडम खूश झाल्या. मैत्रीण म्हणाली, “मॅम, इसके पापा इंजिनियर हैं ना!” “नहीं,” मी म्हणाले, “राजमिस्त्री हैं.” मग तीच म्हणाली, “तो फोन लगा यार, उन्हीं से पूछते हैं!” बाबांनी साइटवरूनच व्हिडिओ कॉल घेतला आणि भिंत निरखून म्हणाले, “उजवीकडचं मागाहूनचं. घाईचं काम आहे, पण गडी हुशार होता.” मग आवाज खाली आणून विचारलं, “सगळ्यांना सांगितलंस होय, मी काय करतो ते?” मी “हो” म्हणाले. “मग आतली बाजूपण दाखव की,” ते म्हणाले. आता फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना पेन अजून जरा थबकतं, पण मी ‘गवंडी’च लिहिते.