पांढरं निशाण

मोशीच्या भिवाचे डोळे हे गावाचं कवतिक होतं. इंद्रायणीच्या पलीकडच्या काठावर चरणारी शेळी गाभण आहे की नाही, हे तो अलीकडून सांगायचा. आज्यानं वेशीवर राखण केली, बापानं रेल्वेच्या फाटकावर. राखणीचं काम घराण्यातच होतं. बसायला खुर्ची मात्र तीन पिढ्यांत कुणाला मिळाली नव्हती. भिवा स्वतः अकरा वर्षं एका कंपनीत उभा होता. टेंपररी.

त्या कंपनीच्या मोठ्या साहेबांचं स्वतःचं विमान होतं. चार माणसांचं, बगळ्यासारखं पांढरं. साहेब ते स्वतःच चालवत. चाकणच्या बाजूला माळावर मुरूम दाबून त्यांनी धावपट्टी केली होती. उडालं की विमान चाकांचे तिन्ही पाय पोटात घेई, उतरताना बाहेर काढी. पाय निघाले की साहेबांच्या पुढ्यात हिरवा दिवा लागायचा. पण दिवा मोठा लबाड. कधी पाय पोटात असतानाच लागायचा, तर कधी निघाल्यावरही विझलेलाच असायचा. तीन इंजिनियर आले, तिघांनी तीन कारणं सांगितली आणि चहा पिऊन गेले. शेवटी ठरलं, खाली माणूस उभा करावा. त्यानं पाय मोजावेत. तीन दिसले तर हिरवं निशाण, कमी दिसले तर लाल. लाल दिसलं की साहेबांनी पुन्हा वर जाऊन पाय झटकावेत. विलायती यंत्राचं खोटं पकडायला भिवाला नेमलं, तेही रोजंदारीवर.

"अवो, पर्मनंट कवा करत्यात?" त्याची बायको सरूबाई विचारायची.

"बघू म्हनलेत साहेब."

"तुमी त्यांच्या इमानाचं पाय बघा. तुमच्या पायाकडं कोन बघतंय?"

एकोणऐंशी साली कंपनीत संप झाला. फाटकावर लाल झेंडे लागले, आणि मॅनेजर उद्धवरावांनी त्या रंगाचा असा धसका घेतला, की कँटीनमध्ये टोमॅटो चिरायची बंदी झाली. एक दिवस ते तडक धावपट्टीवर आले.

"भिवा, ते लाल फडकं आधी काढ!"

"साहेब, ह्ये युनियनचं न्हाई. इमानाचं हाय."

"लाल ते लाल. त्याऐवजी हे पांढरं धर."

"मोठ्या साहेबांस्नी ठावं हाय का?"

"मी कळवतो. संप मिटू दे, तुझं पर्मनंटचं पत्र तयारच आहे."

पांढरं म्हणजे अधिकाऱ्यांच्या कँटीनमधला टेबलावरचा कपडा. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, शिक्क्याशेजारी कोंबडीच्या रश्श्याचा पिवळा डाग. भिवानं तो काठीला बांधला. उद्धवराव कळवायचं विसरले.

संपाच्या एकविसाव्या दिवशी, सकाळी दहाच्या उन्हात, साहेब मुंबईहून आले. भिवानं मान वर केली. एक पाय. दोन पाय. उजवा पाय पोटातच. भिवा दोन्ही हातांनी पांढरं निशाण हलवत धावत सुटला. "न्हाई! साहेब, न्हाई! वर जावा!"

साहेबांनी वरून हात हलवला आणि विमान सरळ खाली आणलं. ते दोन पायांवर जरा धावलं, मग उजवीकडं कलंडलं. पंख मुरुमात रुतला, विमानानं गरकन गिरकी घेतली आणि बोरीच्या जाळीत जाऊन बसलं. साहेब धडधाकट बाहेर आले. टायला बोरीचे काटे लागले होते, पण चेहरा हसरा.

"कुठे आहेत ते संपवाले? शरण आले ना?"

"कोन शरन? साहेब, तिसरा पाय न्हवता!"

दुपारपर्यंत फाटकावर हसून हसून माणसं लोळत होती. "आमाला गुडघे टेकायला सांगत हुता," सोपानराव वेल्डर ओरडला, "पयला गुडघा त्याच्याच इमानानं टेकला!"

चौकशी बसली. आत जायच्या आधी उद्धवरावांनी भिवाला बाजूला घेतलं. कागद तयार होता: पांढरं निशाण मी माझ्या मनानं दाखवलं.

"सही कर. उद्या पर्मनंट. नाही केलीस, तर उद्यापासून येऊच नकोस."

अकरा वर्षांचं ऊन भिवाच्या टाळूवर उभं होतं. कागद घेऊन तो आत गेला. मग काखेतला निशाणाचा कपडा काढून त्यानं टेबलावर पसरला, शिक्का मोठ्या साहेबांच्या बाजूला करून.

"सही करतो, साहेब. पर माज्या मनात कोंबडीचा रस्सा कवा सांडला, तेवडं बी ह्येच्यात लिवा."

मोठ्या साहेबांनी डागाकडं पाहिलं, मग उद्धवरावांकडं. भिवानं कपडा घडी करून पुन्हा काखेत घातला. त्याला काढावं, तर तो कपडा फाटकावर फडकणार, हे न बोलता सगळ्यांना कळलं.

चौकशीत दोष वाऱ्याचा निघाला. उद्धवरावांना बढती मिळाली, सुरक्षा खात्यात. आणि आठव्या दिवशी भिवा पर्मनंट झाला. हुद्दा: निशाणवाला. विमान तेव्हा भंगारात गेलेलं होतं आणि साहेब मोटारीनं फिरत होते. पण पर्मनंट माणसाला खुर्ची द्यावी लागते, म्हणून माळावर खुर्ची आली.

भिवा रोज त्या खुर्चीत बसायचा. पट्टीवर गवत माजलं, बोरी पिकल्या. एखादी घार खाली झेपावली, की तो डोळे बारीक करून पाय मोजायचा. दोन. बरोबर.

मग न उठता, सावकाश, हिरवं निशाण दाखवायचा.