सातजणांत आठवा आवाज

मित्रहो, आज सकाळचीच गोष्ट मंडळाच्या फलकावर लावतोय.

बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी सायकली लावून आम्ही सातजण जंगलात शिरलो. दर वळणावर प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा, हा नियम माझाच. जंगल मी कोणाकडे न शिकता पायांनी शिकलोय.

तिसऱ्या वळणावर "सात" झालं आणि मागच्या बांबूतून आवाज आला, "एंटु."

कन्नडमधलं आठ. असं फक्त रंगण्णा म्हणायचे, सगळ्यांत शेवटी चालणारे. गेल्या वर्षी घाईत मी एकदाच मोजणी टाळली. ते मागे राहिले आणि हत्तीने त्यांना गाठलं.

"अहो, प्रतिध्वनी असेल," माझ्यामागचे देशपांडे पुटपुटले.

"प्रतिध्वनी कन्नड बोलतो होय?" मी म्हणालो.



रविवारी कोणी नवीन येणार असेल, तर त्याचा आकडा नऊ. चालेल ना?