हनुवटीवरची खीर

काल माझ्या हनुवटीवर खीर वाळून गेली आणि अख्ख्या पंगतीत एकाही सुसंस्कृत माणसाने मला ते सांगितलं नाही.

जाहीर निषेध.

संध्याकाळी लेकीने फोटो पाठवले तेव्हा कळलं. लगेच फोन लावला.

"अगं, तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना बाबा. पण एवढ्या लोकांत कसं सांगू? चिडता तुम्ही."

पंगत माझ्या बायकोच्या, नंदाच्या, वर्षश्राद्धाची होती.

माझी हनुवटी डावीकडून बधिर आहे. कारण अक्कलदाढ. हाडात आडवी रुतलेली, मुळं थेट नर्व्हला टेकलेली.

ठाण्याच्या सर्जनबाईंनी एक्स-रे समोर धरून दोन पद्धती सांगितल्या होत्या.

"पहिलीत हाड कोरायचं, दाढेचे तुकडे करायचे आणि मुळांसकट सगळी काढायची. दुसरीत फक्त वरचा भाग कापायचा, मुळं आत राहू द्यायची. ती पुढे कधी वर सरकली तर पुन्हा यावं लागेल. पण नर्व्हला रिस्क कमी. तुमच्यासाठी मी दुसरी सुचवेन."

आम्ही पडलो संस्कृतचे मास्तर. म्हटलं, "शेष ठेवू नये असं शास्त्र सांगतं. समूळ काढा."

नंदा म्हणाली, "अहो, ते शत्रूचं सांगितलंय. ही तुमचीच दाढ आहे."

समूळ काढली.

नर्व्ह दुखावली. बाईंचा दोष नाही, त्यांनी बजावलं होतं.

तेव्हापासून जेवताना माझ्या तोंडाला काही लागलं की नंदा समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावायची.

टिटवाळ्याला भाच्याच्या लग्नात मी तिच्यावर खेकसलो. "चारचौघांत खुणा काय करतेस?"

तिने बोट लावणं सोडलं.

रुमाल काढून स्वतःचीच हनुवटी पुसायला लागली. स्वच्छ, कोरडी हनुवटी. ते बघून मी माझी पुसायचो.

"मामी, किती पुसताय! काही नाहीये तिथे," भाचेमंडळी हसायची.

"वय झालं रे," म्हणून तीही हसायची.

आणि खरं कारण एकट्या मला ठाऊक असून, मीही हसायचो.

काल समोरच्या पाटावर कोणीच हनुवटी पुसत नव्हतं.

नंदा, तुला नमस्कार. दाढेचं तुझंच बरोबर होतं.

काळजी खिरीची नाही गं. माझं काय चुकतंय ते मला कळत नाही, आणि मी चिडलो तरी सांगत राहणारी तू एकटीच होतीस.

आपली लेकसुद्धा मला घाबरते.