उन्हाच्या बाई

आमच्या कवायतीच्या बाई माणसाच्या तोंडाआधी त्याची सावली बघत. "सावली तुझ्यापेक्षा आखूड झाली ना? मग ऊन तुझ्यापेक्षा मोठं झालं. हो आत!" हा त्यांचा हुकूम. अहमदपूरची अख्खी शाळा त्यांना उन्हाच्या बाई म्हणायची.

हे सगळं माझ्यामुळे सुरू झालं. माझी कातडी, केस, पापण्या, सगळं जन्मापासून पांढरं. गाव मला भुरी म्हणे. दुष्काळाच्या एका वर्षी झाडांवर पान उरलं नव्हतं आणि माझ्या कानावरची जखम काही केल्या भरेना. बाईंनीच मला एसटीनं लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "हिला उन्हापासून जपा. नाहीतर पुढे कातडीचा कॅन्सर होईल."

ते ऐकून वडिलांनी माझी शाळाच बंद करायचं ठरवलं. बाई तडक घरी आल्या. "पोरीला कोंडून ठेवता? तिचा काय गुन्हा हाय? कोंडायचं न्हाई. ऊन मोजायचं."

दुसऱ्या दिवसापासून शाळेतलं प्रत्येक पोर सुतळीनं आपली सावली मोजू लागलं. एकट्या मला मोजायला लावलं असतं तर मी वेगळी पडले असते. एक मास्तर हसले, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या आजीची सावली पडली की लोक विटाळ मानायचे, सर. मी सावली मोजायला शिकवते. हसा खुशाल."

दोनेक वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब शाळा बघायला येणार म्हणून आम्हाला भर दुपारी मैदानात उभं केलं. बाईंनी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. हेडमास्तर धावत आले.

"बाई, साहेब यायलेत!"

"येऊ द्या की. त्यांनाबी सावलीत बसवू."

थोड्याच दिवसांत संस्थेनं बाईंना हिमायतनगरच्या शाळेत धाडलं. स्टँडवर मी रडत होते. गाडीत चढता चढता त्या म्हणाल्या, "रडू नको. तिथंबी पोरं हायत, अन् ऊन तर लईच हाय."

त्या गेल्या आणि पुन्हा कुणी पाहुणे आले. पुन्हा दुपार, पुन्हा मैदान. शिट्टी फुंकणारं कुणी नव्हतं. मी रांगेतून निघाले आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

"भुरे, तुला कुणी सांगितलं आत जायला?" हेडमास्तर कडाडले.

"कुणी न्हाई, सर. मलाच कळतंय."

ते छडी घेऊन माझ्याकडे निघाले. त्यांच्या मागून पहिली अख्खी रांग व्हरांड्याकडे यायला लागली होती.