साडूंचं विरजण

सोलापुरात थेंबभरही न पिता घरी बीअर करणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या अक्कांचा, नवरा. उभं आयुष्य त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात काढलं, आणि ज्या वयात माणसं सकाळी फिरायला जायला लागतात त्या वयात ते शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी बीअर गाळायला लागले. त्यांनी स्वतः मात्र चहापेक्षा कडक काही आजवर घेतलेलं नाही. लग्नाकार्यात कुणी फारच आग्रह केला तर सोडा घेतात, तोही त्यातला फेस बसल्यावर. त्यांची बीअर पिण्याची जबाबदारी नात्यानं माझ्याकडे आली. मी सात रस्त्याला राहतो, त्यामुळे लांब आहे असं सांगायचीही सोय नव्हती.

याची सुरुवात त्यांच्या मुलानं केली. तो पुण्याला नोकरीत असताना मित्रांबरोबर हौसेनं घरीच बीअर करायचा. कॅनडाला जाण्याआधी आईबापांना भेटायला आला आणि जाताना फ्रीजमध्ये एक छोटी बाटली ठेवून गेला. तळाशी पांढरट गाळ, वर थोडं पाणी. ते बीअर आंबवणारं यीस्ट होतं. दह्याला विरजण, तसं बीअरला यीस्ट. मुलगा म्हणाला, “बाबा, हे टाकू नका. लई भारी जमलंय. जरा सांभाळा, मी आलो की नेतो.” आता, आमच्या साडूंना कुणी ‘जरा सांभाळा’ म्हटलं की विषय संपला. कारखान्यात कुणा सहकाऱ्यानं ‘आलोच’ म्हणून हातात दिलेली छत्री ते अजून सांभाळतात. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवतात, काड्यांना तेल देतात, आणि पावसात स्वतः भिजत जातात, कारण छत्री त्यांची नाही.

पण छत्रीला खायला लागत नाही. यीस्ट नुसतं ठेवलं तर मरतं, हे साडूंना कळलं त्या दिवसापासून अक्कांचं स्वयंपाकघर अक्कांचं राहिलं नाही. यीस्टला खायला घालायचं तर सातूला मोड आणायचे, ते गच्चीवर वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्यांचा गोड काढा करायचा. तो काढा यीस्टनं खाल्ला की उरते ती बीअर. घरी बीअर करणं कायद्यात बसतं का, असं मी एकदा चाचरत विचारलं. साडू माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, “पाव्हणं, बीअर कोण करतंय? मी मंडळी सांभाळतोय. मंडळी जेवली की मागं बीअर राहती, त्याला मी काय करू?” यीस्टला ते कायम मंडळीच म्हणत. मंडळी जेवायला बसलीत, मंडळी झोपलीत, आज मंडळींचा मूड दिसत नाही. एकदा फोनवर मी “घरची मंडळी कशी आहेत?” असं विचारलं, तर त्यांनी मला फेस कसा आलाय ते सविस्तर सांगितलं. अक्कांना सर्दी झाली होती, ते मला दुसऱ्या दिवशी बायकोकडून कळलं.

बीअर कशी व्हायची ते मी सांगायला हवं, कारण दुसरा साक्षीदार नाही. कडूपणासाठी जी फुलं लागतात ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांनी एकदा कडुनिंब घातला. ती बीअर मी गुढीपाडव्याच्या भावनेनं प्यालो. ते स्वतः चमच्याच्या टोकावर एक थेंब घेऊन जिभेला लावत, लगेच चूळ भरत आणि म्हणत, “मंडळी ठणठणीत हाईत.” बीअर बरी झाली की वाईट, हा प्रश्न त्यांना पडायचा नाही. मी संपवू शकलो नाही तर उरलेली कढीपत्त्याच्या कुंडीत जायची.

खरा सोहळा असायचा तो मंडळींना नव्या बाटलीत हलवण्याचा. त्यात हवेतला एखादा जंतू पडला की सगळं नासलं. म्हणून आधी बाटल्या कुकरमध्ये शिजायच्या, वरणभात नंतर. मग खिडक्या बंद, पंखा बंद, आणि गॅसची शेगडी पेटती ठेवून तिच्या शेजारी हे काम. सोलापूर, मे महिना, पंखा बंद आणि शेगडी चालू. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मध्ये कुणी यायचं नाही. साडू आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, तोंडाला फडकं बांधून उभे. उन्हाळ्यात आमच्या सासूबाई तिथं राहायला असायच्या. त्या दारातून हे बघायच्या आणि त्यांचे डोळे भरून यायचे. “असं सोवळं आता कुणी पाळत न्हाई,” असं त्या मला ऐकवायच्या, आणि थोरल्या जावयाकडून काहीतरी शिका अशा अर्थानं माझ्याकडे बघायच्या. त्यांना खरं सांगण्याची कुणाची छाती नव्हती. त्यांच्यासाठी म्हणून साडूंनी सगळ्या बाटल्यांवर आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली होती: ‘विरजण’.

गेल्या वर्षी मे महिन्यात अक्कलकोटकडे एक लग्न निघालं. साडू जायला तयार नव्हते, पण अक्कांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. मंडळी फ्रीजमध्ये झोपून राहतील, चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मीच त्यांना समजावलं. निघताना अक्कांनी घर बंद करताना पिढ्यान्‌पिढ्या करतात तेच केलं. गॅस बंद, नळ बंद, आणि शेवटी मेन स्विच बंद.

परत आल्यावर फ्रीज उघडला तेव्हा मी तिथंच होतो. सामान उचलायला गेलो होतो. आतून गरम वाफ आली. दोन बाटल्यांची बुचं उडालेली, बाकीच्यांतला गाळ तपकिरी झालेला, आणि वास असा की सासूबाईसुद्धा नाकाला पदर लावून देवघरात जाऊन बसल्या. साडूंनी प्रत्येक बाटलीतलं थोडं थोडं काढून गोड पाण्यात घातलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशीही बसले. एक बुडबुडा आला नाही. अक्का त्यांच्याभोवती हळू पावलांनी वावरत होत्या. स्विचबद्दल साडूंनी त्यांना एका शब्दानंही दोष दिला नाही. मला फक्त म्हणाले, “पोराला काय सांगू?”

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. साडू शर्टाचं वरचं बटण लावून, अपराध्यासारखे ताठ बसले. इकडचं तिकडचं झालं, तिकडच्या थंडीचं झालं, आणि मग ते घसा साफ करून म्हणाले, “आरं, ते तुझं विरजण…”

“कसलं विरजण, बाबा?”

“ते, बाटलीतलं. जाताना ठेवलंतास बघ.”

मुलगा आठवायला लागला. त्याला खरंच आठवेना. साडू त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, “काय न्हाय रे. दही चांगलं लागतंय म्हणून सांगत होतो.” मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं. हे प्रकरण आता संपलं, असं मी धरून चाललो.

त्याच संध्याकाळी समोरच्या अम्मा ताटलीत इडल्या घेऊन आल्या. विणकरांचं तेलुगू घर, अम्मा वयानं साडूंच्याच आसपास. साडूंनी नको नको म्हणत एक इडली तोंडाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. मग हुंगली. उभं आयुष्य रंगाच्या वाफेत गेलेलं ते नाक. त्याला गुलाब आणि रॉकेल यांतला फरक कळेल असं मला वाटत नव्हतं. ते म्हणाले, “अम्मा, ह्याच्यात काय घातलं?”

अम्मा बिचाऱ्या ओशाळल्या. “अण्णा, राग नका मानू. लग्नाला जाताना आजींनी उरलेलं दूध दिलंतं की, त्याच्यासंगं वाटीभर विरजण पण दिलंतं. तुमच्या विरजणानं दही काय लागलं न्हाय. मग टाकायचं कसं म्हणून इडलीच्या पिठात घातलं, तर पीठ लई फुगलं. तवापासून जुन्यातलं थोडं नव्यात घालतेय.”

सासूबाई देवघरातून म्हणाल्या, “दूध द्यायचं आन्‌ विरजण द्यायचं न्हाई, असं कुटं असतंय व्हय?”

साडू वाटी घेऊन दारापर्यंत पोहोचलेसुद्धा. पण सासूबाईंनी हाक मारली, “जावईबापू, दिवे लागलेत. आता विरजण मागायचं नसतं, द्यायचंबी नसतं.” अम्मांनीही दोन्ही कानांना हात लावले. दिवेलागणीनंतर विरजण हलत नाही, ते तेलुगूतही हलत नसावं. मी साडूंना म्हणणार होतो की हे विरजण नाही, सांगून टाका. पण चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली होती. ते वाटी हातात धरून परत आले आणि बसले.

सकाळी उजाडताच ते समोरच्या दारात उभे राहिले. बरं झालं. उन्हाळ्यात पीठ फार आंबतं म्हणून या खेपेला जुनं ठेवायचं नाही असं अम्मांनी ठरवलं होतं, आणि भांडं मोरीत जाऊन पडलं होतं. नळ सोडायचाच बाकी होता. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात आवाज चढवला. “थांबा!” भांड्याच्या कडेला चिकटलेलं पीठ त्यांनी बोटानं निपटून वाटीत घेतलं, वर झाकण ठेवलं आणि वाटी छातीशी धरून घरी आणली.

पिठात इतरही बरंच काही होतं, त्यातून मंडळी निवडून काढायची होती. चायना ग्रास, ज्याची आपण जेली करतो, ते गोड काढ्यात शिजवून त्यांनी काचेच्या बश्यांत थापलं, आणि तापवून गार केलेल्या तारेनं त्यावर पिठाच्या रेघा ओढल्या. पुन्हा पंखा बंद, पुन्हा शेगडी चालू. या वेळी मेन स्विचजवळच्या स्टुलावर अक्का स्वतः बसल्या होत्या, कुणी हात लावू नये म्हणून. काही दिवसांनी बश्यांत पांढरे ठिपके उठले, एकेक ठिपका म्हणजे एकेका जातीच्या जंतूंचं कुटुंब. साडूंनी एकेक हुंगून त्यांतला एक निवडला, काढ्यात सोडला, आणि दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, “आली मंडळी.” त्या बीअरला इडलीचा बारीकसा वास येतो. साडूंचं म्हणणं, अम्मांकडं राहून मंडळी थोडं तेलुगू शिकलीत.

नंतर एका सकाळी ते आमच्याकडे आले. ओल्या टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. विरजण एकाच घरी ठेवू नये, हे त्यांना आता पटलं होतं. “तुमच्याकडं एक असू द्या. जरा सांभाळा, पाव्हणं,” एवढंच म्हणाले, आणि चहा न घेता गेले. बाटलीवरच्या चिठ्ठीत त्याच वळणदार अक्षरात लिहिलं आहे: ‘विरजण नव्हे’.

परवा फ्रीज पुसताना बायको म्हणाली, “अहो, पोराला तर आठवतसुद्धा नाही. मग हे सांभाळायचं कुणासाठी? आणि कधीपर्यंत?” मी म्हटलं, “साडू म्हणालेत, जरा सांभाळा.” तिनं बाटली पुसून जागेवर ठेवली. मग मी उठून पंखा बंद केला, शेगडी पेटवली, आणि मंडळींना जेवायला वाढलं.